रावण मेला, मग पुढे?

लांबत जाणाऱ्या अद्भुतकथेत नायकाचे काय होणार याची काळजी कुणाला फारशी नसते. तो तरणार हे पहिल्या पानावरच कळलेले असते. जीव अडकतो तो त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसात. हा मरणार कसा, कुणाच्या हातून, मरताना काय बोलणार? की शेवटी बदलणार? बदललाच तर आधी केलेल्याचा हिशेब कोण मागणार? हे प्रश्न ऐकणारे गोष्ट संपेपर्यंत राखून ठेवत नाहीत. गोष्ट चालू असतानाच ते विचारतात आणि उत्तरेही आपणच देऊ लागतात.

हॅरी पॉटरचा सहावा भाग २००५ मध्ये आला आणि सातवा २००७ मध्ये. मधली दोन वर्षे स्नेप खरा कुणाच्या बाजूचा, यावरून मुले आणि त्यांचे आईबाप भांडत होते. २०१५ साली ‘बाहुबली’चा पहिला भाग संपला तेव्हा बाहुबलीला मारणाऱ्या कटप्पाच्या तलवारीने अख्ख्या देशाला २०१७ पर्यंत कोड्यात ठेवले. रिच बर्ल्यू नावाचा अमेरिकी चित्रकार २००३ पासून इंटरनेटवर ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ ही काडीसारख्या माणसांची चित्रकथा काढतो आहे. तिच्यात रेडक्लोक नावाचा एक पुरोहित आहे, गॉब्लिन जमातीचा. जग वेठीस धरायला निघालेला खलनायक. पण २००७ मध्ये आलेल्या एका पुस्तकात बर्ल्यूने त्याचे बालपण दाखवले. धर्माच्या नावाने लढणारे योद्धे त्याच्या गावावर चालून येतात आणि त्याचे घरदार कापून काढतात, तेव्हा तो पोरगा असतो. पुढे हाच मुलगा आपल्या कामासाठी सख्ख्या भावालाही मारतो. त्याचा शेवट काय व्हावा यावर वाचकांचे एकमत होत नाही, ते यामुळेच. एका बाजूला त्याने केलेले गुन्हे आहेत आणि दुसऱ्या बाजूला त्याचे जळालेले गाव आहे.

आपल्याकडे हाच वाद दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि तो रावणाबद्दल आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेला, एटापल्ली-भामरागडच्या रानात, ज्याला पुराणे दंडकारण्य म्हणतात त्या मुलखात बसून त्याकडे पाहिले की तो अंदाजांचा खेळ राहत नाही. इथल्या कितीतरी गोंड घरांसाठी रावण हा पूर्वज आहे. गोष्टीत पूर्वज मारला गेला असेल तर ‘पुढे काय झाले’ हा घरचा प्रश्न होतो. दसऱ्याच्या आधी गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, अमरावती या जिल्ह्यांत आदिवासी संघटना तहसील कार्यालयात निवेदने देतात, रावणदहनाला परवानगी देऊ नका, दिलीत तर गुन्हे नोंदवा, असे मागतात, ते या घरच्या प्रश्नापोटी. त्या निवेदनांकडे केवळ कायदा-सुव्यवस्थेचा विषय म्हणून पाहणाऱ्यांना रावणाच्या शेवटाबद्दल या देशाने आजवर किती वेगवेगळे विचार केले आहेत, याची कल्पना नसते. त्या सगळ्यांचा आढावा घ्यायचा हा प्रयत्न आहे. आढाव्यातून मला एक गोष्ट दिसते ती आधीच सांगून टाकतो. रावणाचा शेवट कुठल्याच एका कवीच्या हातात कधी राहिला नाही. ज्यांना ज्यांना त्या शेवटाची झळ लागली त्यांनी तो आपल्या हातात घेतला.

सुरुवात वाल्मीकींपासून. तिथे रावण रामाच्या बाणाने मरतो, एवढेच आपल्याला आठवते. त्यानंतरचा भाग फार कमी सांगितला जातो. मंदोदरी रणांगणावर येऊन दीर्घ विलाप करते, आणि तो कवीने हात राखून लिहिलेला नाही. बिभीषण भावाचे अंत्यसंस्कार करायला कचरतो. तेव्हा राम त्याला समजावतो की वैर मरणापर्यंतच असते, आता तो जसा तुझा तसा माझाही. मग विधिपूर्वक दहन होते. म्हणजे रावणाचे पहिले दहन हे सन्मानाने केलेले अंत्यसंस्कार होते, शत्रूच्याच सांगण्यावरून केलेले. मैदानात कागदाचा पुतळा उभारून, पोटात फटाके भरून, टाळ्यांच्या गजरात पेटवून देणे हे त्या प्रसंगाच्या अगदी उलट टोकाला आहे. दहनाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी निदान युद्धकांडाचा हा शेवट एकदा वाचावा, असे मला मनापासून वाटते.

नंतरच्या भक्तिपर रामायणांनी वेगळीच वाट धरली. अध्यात्म रामायणात रावणाच्या देहातून तेज निघून रामात विलीन होते. भागवतातल्या जय-विजयाच्या कथेने त्याला पूर्वजन्म आणि पुढचा जन्म दोन्ही दिले. वैकुंठाचे हे दोन द्वारपाल शापामुळे तीनदा असुर किंवा देवद्वेष्टे म्हणून जन्मतात. आधी हिरण्याक्ष आणि हिरण्यकशिपू, मग रावण आणि कुंभकर्ण, शेवटी शिशुपाल आणि दंतवक्र. त्यानंतर ते पुन्हा आपल्या दारावर रुजू होतात. या हिशेबात रावणाचे मरण ही सुटका आहे आणि त्याचे वैर हा देवाकडे जायचा जवळचा रस्ता आहे. कीर्तनकारांना हा विरोधभक्तीचा विचार फार प्रिय. तो ऐकायला सुंदर आहे, पण त्याची एक अडचण आहे. सगळेच नाटक आधीपासून ठरलेले असेल तर अशोकवनात बसलेल्या सीतेचे दुःख खरे की खोटे? या प्रश्नाला जय-विजयाच्या कथेत जागा नाही.

मराठीत तर रावणाचा शेवट लिहायला मूळ लेखक उरलाच नाही. एकनाथांनी भावार्थ रामायण उतारवयात हाती घेतले. पाच कांडे पुरी झाली, युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि १५९९ मध्ये पैठणला नाथांनी देह ठेवला. परंपरा सांगते की पुढचे सगळे नाथांच्या घरी वाढलेल्या गावबाने लिहिले. पुरणपोळीच्या ओढीने नाथांकडे येऊन राहिलेला, ‘एकनाथ’ या नावाखेरीज दुसरा मंत्र तोंडात न येणारा तो मुलगा. रावणवध त्याच्या वाट्याला आलेल्या भागात आहे. चालू कथेचा कर्ता मध्येच जावा आणि खलनायकाचे काय करायचे हे त्याच्या सर्वांत भाबड्या श्रोत्याने ठरवावे, ही घटना आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात घडून गेली आहे. गावबा कथेचा धागा कुठेही तुटू देत नाही, म्हणून वाचकाला सांधा सहसा जाणवत नाही. पुढे १७०३ मध्ये श्रीधरांनी पंढरपुरात ‘रामविजय’ लिहिला आणि त्या चाळीस अध्यायांतून घरोघरच्या पोथीवाचनाला रावण माहीत झाला. विदर्भातल्या शेतकरी घरांत श्रावणात पोथी लावली जाते, तिथला रावण बहुतेक वेळा श्रीधरांचा असतो.

जैन कवींनी केलेला विचार मला सगळ्यांत धाडसी वाटतो, आणि तो आपल्या मातीच्या जवळचाही आहे, कारण विमलसूरींचे ‘पउमचरिय’ महाराष्ट्री प्राकृतात आहे. त्यात रावणाला दहा तोंडे नाहीत. गळ्यातल्या रत्नहारात त्याच्या चेहऱ्याची नऊ प्रतिबिंबे पडली म्हणून लोक त्याला दशमुख म्हणू लागले. तो राक्षस नाही, विद्याधर कुळातला माणूस आहे, जिनभक्त आहे, आणि परस्त्रीच्या मोहात सापडणे एवढाच त्याचा घात करणारा दोष आहे. त्याला राम मारत नाही, लक्ष्मण मारतो. हिंसेमुळे लक्ष्मणही नरकात जातो आणि रावणही. स्वर्गात गेलेला सीतेचा जीव नरकात उतरून त्या दोघांना बोध करतो. आणि कित्येक जन्मांनंतर रावण तीर्थंकर होणार असतो. इथे खलनायकाला शिक्षा माफ नाही, पण शिक्षेला शेवट आहे. शिवाय मारणाऱ्यालाही हिशेब चुकलेला नाही. इतका काटेकोर न्याय दुसऱ्या कुठल्या रामकथेत मला सापडत नाही.

पोथ्या बाजूला ठेवून गावात उतरले की चित्र आणखी बदलते. गावे खलनायकाचे काय करतात? पुष्कळदा ती त्याला आपल्यातच ठेवून घेतात. मल्हारी माहात्म्यात मणी आणि मल्ल हे दैत्य भाऊ खंडोबाकडून हरतात. मणी शरण येतो, आपला पांढरा घोडा देवाला देतो आणि तुझ्या देवळात मलाही जागा दे असा वर मागतो. मल्ल शरण येत नाही. त्याचे मस्तक पायरीवर येते, भक्तांनी तुडवावे म्हणून. एकाच घरातल्या दोघांचे दोन शेवट, आणि दोघेही देवाच्या आवारातच. महिषासुर मारला गेला, तरी महाराष्ट्राच्या शिवाराच्या कडेला शेंदूर लावलेला म्हसोबा बसलेलाच आहे. दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९६२ च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’त याकडे लक्ष वेधले. जी देवी एकीकडे म्हशाला मारते, तीच दुसरीकडे जोगूबाई होऊन त्याच्याशेजारी नवरा-बायकोसारखी बसते. दोन जमाती भांडल्या, मग सोयरीक झाली, मग पुन्हा कुणीतरी वरचढ झाले, असा त्याचा अर्थ कोसंबींनी लावला. कोकणातल्या दशावतारात वेद पळवणारा संकासुर विष्णूच्या हातून मरतो, पण तळकोकणाच्या वर शिमग्यात तोच काळा मुखवटा घालून दारोदार जातो आणि लोक त्याला मान देतात. आणि बळी. त्याला पाताळात ढकलले, तरी दिवाळीच्या पाडव्याला त्याचे राज्य परत यावे असे आपल्या आया-बहिणी ओवाळताना म्हणत आल्या. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त बळीराजाला इथल्या कष्टकऱ्यांचा राजा म्हणून उभे केले, तेव्हा त्यांना पाया नव्याने खणावा लागला नाही. बायकांनी तो जपून ठेवला होता.

काहींना मात्र मरणच मिळाले नाही. महाभारतात द्रौपदीच्या झोपलेल्या मुलांना मारणाऱ्या अश्वत्थाम्याला श्रीकृष्ण तीन हजार वर्षे रक्त-पुवाच्या वासासह एकटे भटकण्याचा शाप देतो. ग्रंथ तिथे त्याला सोडून पुढे जातो, लोक सोडत नाहीत. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर तो येतो म्हणतात, नर्मदेच्या परिक्रमेत तो कपाळाच्या जखमेला तेल मागत भेटतो म्हणतात. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या अस्तंभा शिखरावर दिवाळीत त्याची यात्रा भरते आणि आदिवासी तरुण रात्रभर चढून जातात. ज्याला पुराणाने माणसांतून हाकलले, त्याला डोंगराने देव केले.

रावणाच्या बाबतीत सर्वांत विलक्षण ‘पुढे’ रचले ते बायकांनी. मराठी स्त्रीगीतांत एक प्रसंग येतो. अयोध्येला परतल्यावर कैकेयी सीतेला विचारते, रावण दिसायला कसा होता? सीता म्हणते, मी त्याच्या तोंडाकडे पाहिलेच नाही, पायाचा अंगठा तेवढा दिसला. मग अंगठाच काढून दाखव, म्हणून कैकेयी हट्ट धरते. सीता भिंतीवर अंगठा काढते. उरलेला रावण कैकेयी स्वतः पुरा करते आणि रामाला नेऊन दाखवते, बघ, तुझ्या बायकोच्या मनात कोण आहे ते. त्यावरून सीतेला वनवास. प्राणहितेच्या पलीकडे, तेलुगू बायकांच्या गाण्यांत हीच गोष्ट आणखी पुढे जाते. तिथे शूर्पणखा जोगिणीच्या वेषात येते, चित्र पुरे करून त्यात प्राण घालून घेते, आणि ते चित्र सीतेच्या पाठीच लागते. बायका-बायका मिळून ते लपवू पाहतात, नष्ट करू पाहतात, ते काही केल्या जात नाही. सिरोंचा तालुक्यात मराठी, तेलुगू आणि गोंडी एकाच बाजारात बोलल्या जातात, त्यामुळे ही दोन्ही कथने एकमेकींना परकी नाहीत. पुरुषांच्या पोथीत रावण बाणाने संपला. बायकांना ठाऊक होते की तो संपलेला नाही, एका बाईच्या चारित्र्यावर घ्यायच्या संशयात तो जिवंत आहे. तारा भवाळकरांनी ‘सीतायन’मध्ये लोकपरंपरेतल्या सीतेचा जो मागोवा घेतला आहे, तो वाचताना हे वारंवार जाणवते. खलनायक मेल्यावरही त्याची किंमत दुसराच कुणी चुकवतो, हे एवढ्या थेटपणे सांगणारे कथन मला मोठमोठ्या महाकाव्यांत भेटलेले नाही.

टीव्हीच्या काळातही श्रोत्यांचा हा हक्क कमी झाला नाही. रामानंद सागरांचे ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ला सुरू झाले आणि ३१ जुलै १९८८ ला संपले. रावण गेला, राज्याभिषेक झाला, मालिका आटोपली. पण लव-कुशांची कथा, म्हणजे वाल्मीकी ऋषी ज्यात प्रत्यक्ष पात्र म्हणून येतात तो भाग, दाखवलाच नाही म्हणून उत्तर भारतातल्या अनेक शहरांत वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप केला. उत्तर रामायण नंतर पडद्यावर आले. आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी १९९१ मध्ये गुजरातच्या साबरकांठातून लोकसभेवर निवडून गेले. ज्याच्या मरणाची लोक रविवारी सकाळी वाट पाहत, त्याला त्यांनी मते दिली.

आता गोंडवनाकडे. रावण आणि गोंड यांचे नाते हे अलीकडच्या राजकारणाने जुळवलेले आहे, असे सहज म्हटले जाते. ते खरे नाही. गढा-मंडल्याचा गोंड राजा संग्रामशाह याच्या सोळाव्या शतकातल्या नाण्यांवर त्याने स्वतःला पुलस्त्यवंशी म्हणवले आहे. पुलस्त्य म्हणजे रावणाचा आजा. दिल्लीत मोगल नुकते स्थिरावत होते त्या काळात, सोन्याच्या नाण्यावर, एका सार्वभौम गोंड राजाने हे कोरले. बैतूल-छिंदवाड्याच्या गोंडांत फाल्गुनात मेघनाथाचा खांब उभारून पूजा होते. मेळघाटातले कोरकूही मेघनादाला मानतात. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या परसवाडीत दसऱ्याला रावणाची मिरवणूक निघते. अकोला जिल्ह्यातल्या सांगोळ्यात रावणाची दगडी मूर्ती आहे आणि तिची पूजा करणारे सगळे गोंड नाहीत. हे सगळे पुरावे एका तोलाचे नाहीत. मेघनाथाचा खांब आणि रामायणातला इंद्रजित यांचे नाते कसे जुळले हा वेगळा अभ्यासाचा विषय आहे. पण नाण्यावरची अक्षरे पुसता येत नाहीत.

चंद्रपुरात तर एक मजबूत दगडी साक्ष आहे, भलत्याच अंगाने. लालपेठेत उघड्यावर काही प्रचंड एकसंध मूर्ती पडून आहेत. रायप्पा कोमटी नावाच्या धनिकाने देऊळ बांधायला घेतले आणि ते अपुरेच राहिले, असे सांगतात. त्यातली सर्वांत मोठी मूर्ती दहा तोंडांच्या देवीची आहे. लोक मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिला रावणच म्हणत आले. अभ्यासक नाव दुरुस्त करून देतात आणि लोकांच्या तोंडी रावण राहतो. गोंड राजांच्या राजधानीत दहा तोंडे दिसली की पहिले नाव हेच आठवते. या नावात शिवी नाही. गावातल्या एका मोठ्या जुन्या वस्तूला द्यावे तसे ते साधे नाव आहे.

विद्वानांनीही या वाटेने विचार केला आहे आणि त्यात मराठी माणसेही होती. इंदूरचे सरदार माधवराव किबे यांनी १९२० च्या दशकात रावणाची लंका समुद्रात नसून मध्य भारतात, अमरकंटकाच्या बाजूला होती असे मांडले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया हे पुरातत्त्वातले मोठे नाव. त्यांनीही १९७३ च्या ‘रामायण : मिथ ऑर रिअॅलिटी’ या पुस्तकात लंका मध्य भारतातच शोधली आणि रावणाचा संबंध गोंडांशी लावला. भूगोलाचा हा वाद मिटलेला नाही, आणि माझ्या मते तो मिटण्याची वाट पाहण्याचे कारणही नाही. लंका कुठे होती हे ठरले तरी कुणाचा पूर्वज कोण, हे त्यावरून ठरत नाही.

या सगळ्याला विचाराचे रूप देणारा माणूस म्हणजे नागपूर जिल्ह्यातले डॉ. मोतीरावण कंगाली. १९४९ चा जन्म, रिझर्व्ह बँकेत नोकरी, आणि आयुष्यभर गोंडी भाषा, लिपी आणि कोया पुनेम म्हणजे गोंडांचा धर्म यांचा अभ्यास. आईबापांनी ठेवलेले नाव मोतीराम. त्यांनी ते मोतीरावण केले. २०१५ मध्ये ते गेले, पण त्यांच्या ‘पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन’सारख्या पुस्तकांनी एक पिढी घडवली. त्यांच्या काही मांडण्यांवर, विशेषतः सिंधू लिपी गोंडीतून वाचण्याच्या दाव्यावर, भाषाशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आहेत आणि ते गंभीरपणे घ्यावेत असेच आहेत. पण त्यांच्या कामाचे मोल लिपीच्या वाचनावर अवलंबून नाही. आपल्या समाजाबद्दलची गोष्ट दुसऱ्यांनी सांगायची आणि आपण ऐकायची, हा क्रम त्यांनी मोडला. या प्रवाहात रावण हा ‘रावेन’ आहे, गोंडांचा राजा, गोंडांचे आद्य धर्मगुरू लिंगो यांच्या परंपरेतला एक गुरू. त्याचे पुढे काय झाले, या प्रश्नाला इथे सरळ उत्तर आहे. तो मारला गेला, त्याची माणसे रानात राहिली, आणि ती माणसे आम्ही.

इथे एटापल्लीचे वेगळेपण सांगायला हवे. या तालुक्यातले बहुसंख्य लोक माडिया. त्यांची कुळे चार देव, पाच देव, सहा देव, सात देव अशा गटांत विभागलेली असतात आणि एकाच देवसंख्येच्या घरांत लग्न होत नाही. गावाचा व्यवहार पेन म्हणजे देव, आणि गायता व भूमिया हे गावातले मानकरी यांच्याभोवती चालतो. सुरजागडच्या डोंगरावर ठाकुरदेवाची यात्रा जानेवारीत भरते. ज्या डोंगरात देव, त्याच डोंगरात लोहखनिज. माडिया धर्मजीवन रावणाशिवाय पूर्ण आहे, त्याला रामायणातल्या कुणाचीच गरज नाही, ना नायकाची ना खलनायकाची. रावणाचा प्रश्न इथे शाळेतून, टीव्हीवरून, नागपूर-चंद्रपूरच्या वसतिगृहांत शिकून आलेल्या मुलामुलींबरोबर दाखल झाला. वसतिगृहात दसऱ्याच्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी विचारले असणार, तुम्ही लोक राक्षसांचे वंशज ना? त्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागणे, तिथून हा ‘आपला’ रावण उभा राहतो. म्हणून एटापल्लीतल्या तरुणाने रावणाला मानणे हे जुन्या पूजेचे सातत्य आहे की नवा स्वाभिमान, असा पेच घालणाऱ्यांना मी सांगेन की दोन्ही एकत्र असू शकतात, आणि स्वाभिमान नवा असला म्हणून खोटा ठरत नाही.

खलनायकाचा शिक्का कसा लागतो आणि कसा पुसला जातो, याचा लिखित पुरावा या भागाकडे आहे, पुराणातला नव्हे, इतिहासातला. अहेरीजवळच्या किष्टापूरचे बाबुराव शेडमाके. १८५७-५८ मध्ये त्यांनी जंगोम दल उभारून इंग्रजांशी लढा दिला. सरकारी दप्तरात ते बंडखोर आणि खुनी. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या मदतीने त्यांना पकडले आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी दिली. आज त्याच तारखेला त्याच तुरुंगातल्या पिंपळाशी लोक फुले घेऊन जमतात. ते हुतात्मा झाले आणि खलपात्राची जागा लक्ष्मीबाईंकडे गेली. पात्रे तीच, दीडशे वर्षांत जागा बदलल्या. बाहेरच्या बातम्यांत एटापल्लीचे नाव वर्षानुवर्षे चकमक आणि खाण या दोनच शब्दांबरोबर येते. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलाला, गोष्ट कोण सांगतो त्यावर खलनायक ठरतो, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

अलीकडच्या मराठी पुस्तकांत रावणाला उलट्या बाजूने सांगण्याची लाटच आली आहे. शरद तांदळे यांची ‘रावण : राजा राक्षसांचा’ ही कादंबरी गडचिरोलीच्या पुस्तक प्रदर्शनांतही हातोहात जाताना दिसते. या लाटेने एक मोठे काम केले. रावणाचे घर, आई, आजोळ, त्याचा राग, त्याची विद्या, हे सगळे सामान्य वाचकासमोर आले. पण एका खोड्यात या प्रकारची पुस्तके सहज अडकतात. रावणाला न्याय द्यायचा म्हणून त्याच्याकडून काही चुकलेच नाही असे दाखवण्याचा मोह होतो. मग सीतेचे अपहरण हे शूर्पणखेच्या अपमानाला दिलेले राजकीय उत्तर ठरते, किंवा तो तिला बोटही लावत नाही याचेच प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा फडकवले जाते. शूर्पणखेवर अन्याय झाला हे खरेच. पण एका बाईच्या अपमानाची भरपाई दुसऱ्या बाईला पळवून होत नाही. जैन कवींनी रावणाला मोठा केला तो त्याचा दोष न लपवता. स्त्रीगीतांनी तर दोषाचा सगळा ताण सीतेच्या बाजूने दाखवला. या दोन परंपरांचे भान ठेवून रावण लिहिला गेला तर तो अधिक खरा होईल, असे मला वाटते.

विदर्भाच्या भूमीत आणखी एक जुना प्रयोग होऊन गेला आहे. भवभूती हा विदर्भातल्या पद्मपूरचा नाटककार, आठव्या शतकातला. हे पद्मपूर गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचे, असे मानतात. त्याने ‘उत्तररामचरित’ लिहिताना शंबूकाचे काय करायचे हा प्रश्न हाताळला. तप केले म्हणून रामाने ज्याचे शिर उडवले तो शंबूक भवभूतीच्या नाटकात दिव्य रूप घेऊन उठतो आणि ज्याने मारले त्याच रामाला दंडकारण्य दाखवत फिरतो. रामाचा हात ते कृत्य करताना अडखळतो, असे भवभूती दाखवतो. रामटेकच्या डोंगरावरही शंबूकाची आठवण सांगणारे ठाणे आहे आणि त्याला वर मिळाल्याची कथा आहे. कवीला आणि गावाला ते मरण पचले नव्हते. मरण रद्द करता येत नव्हते म्हणून दोघांनी त्याला पुढचे आयुष्य दिले.

रावणदहनाबद्दल मला काय वाटते ते स्पष्ट सांगतो. ज्या जिल्ह्यात शेजारी राहणारा समाज त्या पुतळ्यात आपला पूर्वज पाहतो, तिथे तो जाळू नये. यामुळे कुणाच्या रामभक्तीला बाधा येत नाही. दसरा सोने लुटून, शमीची पूजा करून, शस्त्रांची पूजा करून महाराष्ट्रात शेकडो वर्षे साजरा होत आला. मोठमोठे पुतळे जाळण्याची रीत मराठी मुलखात उत्तरेकडून आली आणि शहरांतून पसरली. बंदीच्या हुकुमापेक्षा गावांनी बसून ठरवणे अधिक टिकेल. पेसा कायद्याने ग्रामसभांना आपल्या रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार दिलेला आहे, आणि गडचिरोलीच्या ग्रामसभांना तो वापरायची सवय आहे. तेंदूपानाचे लिलाव करणाऱ्या, बांबूचे हिशेब ठेवणाऱ्या सभा हेही ठरवू शकतात.

राहिले ते काम संकलनाचे. माडिया आणि गोंडी बोलणाऱ्या म्हाताऱ्या बायका रामायणाबद्दल काय सांगतात, काही सांगतात का, हे त्यांच्याच भाषेत नोंदवायला हवे, आणि ते इथल्या मुलामुलींनीच करायला हवे. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून गडचिरोलीत आहे, तिथून हे सहज होऊ शकते. आजवर रावेनबद्दल जे छापले गेले ते बहुतेक पुरुषांनी लिहिले आणि त्यात राजा, गुरू, वंश, युद्ध भरपूर आहे. नोंदवायला जाणाऱ्यांनी पहिला प्रश्न रावणाचा विचारू नये. सीतेला इथे काय म्हणतात, ती या रानातून गेली तेव्हा तिला कुणी भेटले का, तिला परत सोडावे असे लंकेतल्या कुठल्या बाईला वाटले होते का, मंदोदरी पुढे कुठे गेली, हे विचारावे. रावणाचे पुढे काय झाले ते त्या उत्तरांत येईलच.